घणवालीची यमकं

घणवालीचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड होता, आणि डाव्या हातावर कोपरापासून मनगटाकडे उतरत गेलेला एक गुळगुळीत पट्टा होता. त्यावर केस उगवत नसत. दंड घणाने दिलेला, पट्टा नवऱ्याने. दोन्ही ती सारख्याच बेफिकिरीने मिरवायची. कुणी पट्ट्याबद्दल विचारलंच तर म्हणायची, "लग्नात घातला."

नवरा लोहार. हाताने काम सोन्यासारखं, तोंडाने आणि स्वभावाने निखारा. त्याने एका गाडीवानाचा दात पाडला होता, कारण गाडीवान म्हणाला की चाकावरची लोखंडी धाव सैल बसली. धाव खरोखरच सैल बसली होती. शेजारच्याचं कुत्रं भट्टीजवळ येऊन झोपायचं, तर एक दिवस त्याच्या पाठीवर लाल छिन्नी टेकवली. कुत्रं ओरडत गेलं ते परत त्या गल्लीत दिसलं नाही. स्वतःच्या पोटच्या पोराला तापात भात्यावर बसवलं, पोराच्या हातून दोरी सुटली, तेव्हा पाठीत पहार घातली. पोरगा बरा झाला तसा ट्रकवर गेला. मधे येऊन लग्न केलं, बायको घरात ठेवली आणि पुन्हा ट्रकवर गेला. घरात ठेवली म्हणजे भात्यावर ठेवली. पोराने सोडलेली दोरी सुनेच्या हातात आली, एवढाच काय तो फरक.

लोहारकामाची एक रीत आहे, ती आधी सांगायला हवी. लोहार डाव्या हाताने सांडशीत तापलेलं लोखंड धरतो आणि उजव्या हातात लहान हातोडी घेतो. ही हातोडी मारायची कमी आणि बोलायची जास्त. ती लोखंडावर जिथे टेकते तिथे समोरच्याचा घण पडला पाहिजे. हळू टेकली तर हळू, ठणकन टेकली तर अंगातला सगळा जोर. घण मारणाऱ्याने लोहाराच्या तोंडाकडे बघायचं नाही, हातोडीकडे बघायचं. विचारायचं नाही. हातोडी ऐरणीच्या शिंगावर, म्हणजे निमुळत्या टोकावर, दोनदा वाजली की थांबायचं, आणि ती वाजत नाही तोवर घण खाली टेकवायचा नाही, मग घराला आग का लागेना.

घणवाली नवी नवरी होती तेव्हा एकदा हातोडी टेकली ती नवऱ्याच्याच बोटांच्या अगदी जवळ. तिला वाटलं, बोटं ठेचली तर? घण हवेत थांबला. तेवढ्यात लोखंड निवून काळं पडलं.  लोहाराने सांडशीचे लाल जबडे तिच्या हातावर ठेवले आणि दाबून धरले. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्याशी कोळसा या वेळी ओला आलाय अशी गोष्ट चालू होती. ती गोष्ट संपल्यावर त्याने सांडशी उचलली. कातडं सांडशीला चिकटून आलं.

त्यानंतर घणवालीच्या हातांनी डोक्याला विचारणं सोडून दिलं. हातोडी टेकली, घण पडला. मधे कुणी नाही. कित्येक वर्षं तिने असंच लोखंड ठोकलं, आणि असाच मारही खाल्ला. मारालाही ती हातोडीसारखीच धरायची. पडला की पडला.

सून बारावी झालेली. घणवालीला आधी वाटलं होतं, ही काय भाता ओढणार, हिच्या मनगटात तर बांगडी पण थरथरते. पण सून ओढत राहिली. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. सासूने एकदा घट्टे दाबून बघितले आणि म्हणाली, आता तू घरातली झालीस. सून म्हणाली, "मला घरातली व्हायचं नाही, आई. मला इथून जायचं आहे." कोळसे वेचता वेचता, साध्या आवाजात. सासूने मान वर केली नाही. विचारलं, कुठे?

कुठे ते ठरलेलं होतं. बाजाराच्या पलीकडे लहान मुलांची इंग्रजी शाळा होती. तिथल्या मोठ्या बाईंना सून भेटून आली होती. बाईंनी सांगितलं की आमच्याकडे लहानांना आधी यमक शिकवतो. एक शब्द द्यायचा, मुलांनी त्याच्या आवाजाचे दुसरे शोधायचे आणि प्रत्येकाचा अर्थ सांगायचा. सोमवारी ये, माझ्यासमोर वर्ग घे. मुलं तुझ्यामागे बोलली तर नोकरी तुझी. शाळेच्या मागे एक खोली आहे, तीही तुझी.

खोलीला आतून कडी आहे, हे सुनेने दोनदा सांगितलं.

लोहाराला हे कळून चालणार नव्हतं. भाता ओढायला फुकटचं माणूस तो सुखासुखी सोडणार नव्हता. घरात पुस्तक हातात दिसलं की ते भट्टीत जायचं. एक गेलंही होतं. म्हणून सुनेने सराव भात्यावर धरला. तिथे पुस्तक लागत नव्हतं, तोंड पुरत होतं. आणि वर्गाला मूल हवं म्हणून घणवाली मूल झाली.

"कॅट," सून भाता ओढत म्हणायची. "कॅट म्हणजे मांजर. आता याच्या आवाजाचा दुसरा सांगा."

"खॅट," घण उचलत सासू.

"खॅट नसतो."

"गॅट?"

"नाही हो आई."

"घॅट तरी असेल."

घॅटही नव्हता. एवढे चांगले आवाज या लोकांनी वाया का घालवले, असं घणवालीला वाटलं. पण बॅट निघाली, रॅट निघाला, फॅट निघाला, आणि उंदीर सापडल्यावर तर तिला फार बरं वाटलं. मांजराच्या आवाजातच उंदीर सापडावा, याला ती दिवसभर हसत होती. लोहाराने विचारलं, दात काय काढतेस? ती म्हणाली, घामाने गुदगुल्या होतात.

लोहाराला ती बडबड ऐकू यायची, पण कळायची नाही. त्याला सांगितलं होतं की ताल धरायला म्हणतो. ताल खरोखर धरला जात होता, म्हणून त्याने चालू दिलं. एका गोष्टीवर मात्र तो चिडायचा. घण खाली असताना सून शब्द सांगायची. घण वर जाताना सासू त्याचा जोडीदार सांगायची. आणि घण पार डोक्यावर गेला की ती श्वासभर थांबायची आणि विचारायची, "म्हणजे काय?" सून अर्थ सांगायची, मग घण खाली यायचा. तो श्वासभर थांबा लोहाराला खपत नव्हता. "वर काय कावळे मोजतेस?" म्हणून तो हातोडी तिच्या नडगीवर मारायचा. नडगी सुजली, मग काळी पडली. घणवालीने थांबा लहान केला, पण सोडला नाही. शब्द सापडला आणि अर्थ नाही कळला, तर तिला घास तोंडात घेऊन गिळता न आल्यासारखं व्हायचं.

सुनेलाही हे नवलाचं होतं. तिने एकदा विचारलं, आई, तुम्हाला कशाला हवेत अर्थ? वर्ग मला घ्यायचाय. घणवाली म्हणाली की आवाज तर मला आयुष्यभर ऐकू येतोय. हा ठण, तो ठण. कुठल्या ठणचा अर्थ काय, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

एकदा डोक्याचे शब्द निघाले. हेड म्हणजे डोकं. बेड म्हणजे खाट. रेड म्हणजे लाल. डेड म्हणजे मेलेला. सून समजावत होती की आवाज एक असला तरी या शब्दांचं एकमेकांशी नातं नसतं, मुलांना हेच शिकवायचं असतं. घणवालीने घण मारला आणि म्हणाली, "नातं नाही कसं? खाटेवर डोकं, डोकं लाल, माणूस मेलेला. आमच्या शेजारच्या गवळणीचं असंच झालं. नवऱ्याने पाटा घातला होता."

सुनेने दोरी ओढायची थांबवली. लोहाराने लगेच एक निखारा चिमट्याने उचलून तिच्या पायावर फेकला. हे सगळं कामाच्या ओघातच, रागाने वगैरे नाही. सुनेने पाय झटकला आणि पुन्हा दोरी धरली. थोड्या वेळाने ओठ न हलवता म्हणाली, ब्लड.

"मड," घणवाली म्हणाली. हा तिने स्वतः शोधला होता. घण डोक्यावर गेला. "म्हणजे काय?"

"चिखल."

घण खाली आला. ठिणग्या सासूच्या छातीवर, सुनेच्या केसांत आणि लोहाराच्या दाढीत पडल्या. तिघांनीही झटकल्या नाहीत.

सोमवार जवळ आला तशी सून जेवेनाशी झाली. सासू ताट पुढे ढकलायची आणि म्हणायची, पोटात काही नसेल तर मुलांपुढे आवाज फुटायचा नाही. सून म्हणायची, कळलं त्यांना तर? सासू म्हणायची, कळायला त्यांना इंग्रजी यावं लागेल.

पण कळलं ते मराठीतच. आदल्या दिवशी गवंडी आला छिन्न्यांना टोकं काढून घ्यायला. भला माणूस, पोटात गोष्ट राहत नसे. भट्टीवर पहारीचं काम चालू होतं. पहार लालभडक, घणवालीचा घण लागोपाठ चाललेला. छिन्न्या ठेवता ठेवता गवंडी लोहाराला म्हणाला की मी त्या इंग्रजी शाळेत फरशी बसवतोय, मोठ्या बाई सांगत होत्या, तुमची सून उद्या येतेय शिकवायला. राहायला खोलीही देणार आहेत. नशीब काढलंत, मास्तरीण सून मिळाली. आता आम्हाला पण दोन शब्द शिकवा.

आणि तो हसला. गवंड्याला वाटलं, आपण पेढा वाटला.

 लोहाराने पहार सांडशीसकट राखेत टाकली. ऐरणीच्या शिंगावर हातोडी वाजवली नाही, म्हणून घणवाली घण खांद्यावर धरून उभी राहिली. थांब असं कुणी म्हटलंच नव्हतं. लोहार भात्याकडे गेला, त्याने सुनेचं मनगट धरलं आणि तिला ओढत ऐरणीपाशी आणलं. येताना तिचा गुडघा दगडावर आपटला, ती वाकली, तशीच ओढली. त्याने तिचा उजवा पंजा ऐरणीवर पालथा दाबला. ऐरण दिवसभर मार खाऊन तापलेली होती. सून किंचाळली. गवंडी "अहो, अहो" करत एक पाऊल पुढे आला, तर लोहाराने त्याच्याकडे नुसतं बघितलं. गवंडी जागच्या जागी थिजला.

मग लोहाराने हातोडी सुनेच्या पंजावर टेकवली. हळू नाही. ठणकन वाजावी तशी. मधल्या बोटाचं नख चिरलं आणि रक्त ऐरणीवर आलं, आणि तापलेल्या ऐरणीवर ते चुरचुरलं.

घणवालीला तोंड दिसत नव्हतं कुणाचं. तिला हातोडी दिसत होती, आणि हातोडी टेकली ती जागा. खांद्यावरचा घण आपोआप निघाला. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण नंतर लोक काहीबाही बोलले. तिने उचलला नाही. तो उचलला गेला. हात वर गेले, पाठ ताणली गेली, टाच दाबली गेली, जसं हजार वेळा व्हायचं तसंच. आता फक्त पडायचं बाकी होतं. आणि लोहाराला शंका नव्हती की तो पडणार. त्याने सांडशीने शिकवलेलं होतं ते.

घण पार डोक्यावर गेला आणि श्वासभर थांबला.

"म्हणजे काय?" घणवाली म्हणाली.

सवयीने म्हणाली. पण म्हटल्यावर तिला ते ऐकू आलं. आणि मग तिने, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, घण हवेत असताना मान उचलून नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं.

"म्हणजे मार," लोहार म्हणाला. "दिसत नाही? इथे."

आणि त्याने हातोडी पुन्हा टेकवली. यावेळी बोटाचं हाड वाजलं. सुनेने तोंड उघडलं, पण त्यातून आवाज आला नाही.

"कळलं," घणवाली म्हणाली.

पण घण पडला नाही. तो वरच राहिला. आपलं माणूस आपल्यासमोर घण घेऊन उभं आहे आणि ऐकत नाही, हे लोहाराला उमगायला थोडा वेळ लागला. उमगलं तसा त्याचा चेहरा काळानिळा झाला. त्याने शिवी दिली, उजव्या हातातली हातोडी बायकोच्या कपाळावर घालायला उगारली आणि जोर यावा म्हणून पुढे झुकला. झुकताना त्याचा डावा हात सुनेच्या मनगटावरून निसटला. सुनेने पंजा ओढून घेतला; तळव्याचं कातडं ऐरणीवर राहिलं. तिच्या पंजाच्या जागी आता लोहाराचा डावा पंजा टेकलेला होता, सगळा भार घेऊन.

घणवालीने तो बघितला. त्याच बोटांसाठी ती एकदा थांबली होती आणि भाजली गेली होती.

मग घण पडला. नेम चुकला नाही. तिचा नेम कधी चुकलाच नव्हता.

तो आवाज ठण असा आला नाही. ओली फांदी पायाखाली यावी तसा आला. लोहाराच्या हातून हातोडी गळाली, तो गुडघ्यांवर बसला आणि ऐरणीवरच्या आपल्या हाताकडे असा बघत राहिला, जणू कुणा दुसऱ्याचं काम बिघडलेलं बघतोय. मग तो गुरासारखा ओरडला. ओरडत ओरडत त्याने उजव्या हाताने तिच्या पायाला धरलं, तिला पाडायला. घणवालीने घण उलटा केला आणि दांडा त्याच्या खांद्यात मारला. तो सुटला. पुन्हा धरायला आला, पुन्हा मारला. तिसऱ्यांदा तो आला नाही. तेव्हा तिने वाकून राखेशेजारी पडलेली हातोडी उचलली, ऐरणीच्या शिंगावर दोनदा वाजवली आणि घण खाली टेकवला.

"बघत काय उभे?" ती गवंड्याला म्हणाली. "पाणी आणा. आधी पोरीला."

इस्पितळात डॉक्टरने विचारलं, हे कसं झालं? गवंड्याने सांगितलं की पहार सांडशीतून सटकली, ती सावरायला लोहाराने हात पुढे केला आणि घण वरून निघालेलाच होता. डॉक्टरने लोहाराकडे बघितलं. लोहाराने मान हलवली. बायकोने घणाने हात फोडला असं सांगून बाजारात जगायचं, त्यापेक्षा सटकलेली पहार बरी. सुनेच्या बोटाचं विचारलं, तेव्हा गवंडी म्हणाला, तीच पहार. डॉक्टर म्हणाला, फारच मोठी पहार दिसते. आणि त्याने लिहायला घेतलं.

सोमवारी सून शाळेत गेली. सासूने तिच्या पंजावरचं फडकं स्वतः बांधलं आणि वर ओढून गाठ मारली. मोठ्या बाई म्हणाल्या, या अवस्थेत नको, पुढच्या आठवड्यात ये. सून म्हणाली, आज. वर्गातल्या मुलांना यमकबिमक काही नको होतं, त्यांना फडकं बघायचं होतं. म्हणून तिने तिथूनच सुरुवात केली. हँड म्हणजे हात. मग मुलांनी सँड काढला, बँड काढला, एकाने खँड काढला. खँड नसतो, असं सगळा वर्ग त्याच्यावर ओरडला. सुनेला हसू आलं, आणि हसताना बोट दुखलं म्हणून डोळ्यात पाणीही आलं. बाईंनी त्यातलं हसू तेवढं बघितलं असावं. नोकरी मिळाली. ते मधलं बोट पुढे वाकडंच राहिलं. फळ्यावर लिहिताना ते बाकीच्या बोटांच्या बाहेर उभं असायचं.

ती सासूला न्यायला आली होती. म्हणाली, खोली दोघींना पुरेल. घणवालीने खोली बघितली, कडी लावून बघितली, काढून बघितली. चांगली आहे म्हणाली, आणि परत आली. भट्टी कोण बघणार? गवंड्याच्या छिन्न्या अजून तशाच पडल्या होत्या.

लोहाराच्या डाव्या हाताची बोटं मिटत नव्हती. त्या हाताने सांडशी धरता येईना. मग सांडशी घणवालीने घेतली, आणि हातोडीही. एवढी वर्षं समोरून बघितलेलं काम तिने दुसऱ्या बाजूने केलं. पहिल्या दोन-चार छिन्न्या वाकड्या झाल्या, त्या गवंड्याने न बोलता नेल्या. घण मारायला बाजारातला एक हमाल ठेवला, बैलासारखा, कानाने थोडा मंद. त्याला तिने पहिल्या दिवशी सांगितलं की हातोडी टेकली आणि कळलं नाही, तर थांब आणि विचार. लोखंड पुन्हा तापवता येतं. हमालाला हे फार आवडलं. तो कळलेलं असलं तरी विचारायचा.

आणि भात्यावर लोहार बसला. उजव्या हाताने दोरी ओढता येत होती. घणवालीने त्याला बस असं म्हटलं नव्हतं. एक दिवस तो आपणहून येऊन बसला, कारण घरात नुसतं पडून राहिलं की हात ठणकायचा आणि भात्यावर कमी ठणकायचा. ती त्याच्याशी बोलायची ते कामापुरतं. ओढा. सावकाश. बास. त्याने एकदा हमालाच्या अंगावर निखारा फेकला, तेव्हा तिने सांडशी भट्टीतून काढली आणि तिचं लाल टोक त्याच्या तोंडासमोर धरलं, दाढीचे केस वळेपर्यंत.  पुन्हा निखारा आला नाही.

शब्द मात्र तिच्या तोंडातून जाईनात. काम रंगात आलं की आपोआप एखादा निघायचा. एका दुपारी खिळ्यांचं मोठं काम आलं होतं. छतासाठी लांब खिळे हवे होते. ती पहिला खिळा ऐरणीवर धरत म्हणाली, "नेल." सुनेने शिकवलेला, नेल म्हणजे खिळा. मग ती थांबली, कारण जोडीदार सांगायला समोर कुणी नव्हतं. हमालाला वाटलं, आपल्याला काहीतरी सांगितलं. त्याने घण उचलून विचारलं, मारू का?

भात्यावरून आवाज आला. "जेल."

घणवालीने मान वळवली नाही. लोखंड अजून लाल होतं.

"म्हणजे काय?"

लोहाराने दोरी एकदा ओढली. भट्टी भडकली आणि खाली बसली. त्याने पुन्हा ओढली.

"तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. तुम्ही सांगा."

हमाल घण डोक्यावर धरून एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. लोहाराने दोरी सोडली.

"माणसाला कोंडून ठेवतात ते."

"हं," घणवाली म्हणाली. "ओढा."

आणि तिने खिळ्यावर हातोडी टेकवली.